चौघांत मिळून एक पास

माझा आवाज मोठा आहे. शाळेत तो वर्गाच्या खिडकीतून निघायचा, मैदान ओलांडायचा आणि फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीपर्यंत पोचायचा. गाडीवाला मला एकदा म्हणाला, ‘‘बाई, तुमच्या दहावीबरोबर माझीबी उजळणी झाली बघा.’’ हे मी पुढे कित्येक वर्षं अभिमानाने सगळ्यांना सांगत होते. शिकवणं म्हणजे बोलणं, ही माझी पक्की समजूत होती. सकाळी बावधनहून बस धरायची, पिरंगुटच्या पुढे फाट्यावर उतरायचं आणि शाळा सुटेपर्यंत विज्ञान बोलत राहायचं. आमचे हे म्हणायचे, तू सगळं तिकडे बोलून येतेस म्हणून आपला संसार टिकलाय.

अशा बाईला निवृत्तीच्या तोंडावर पुण्यात प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. विषय होता ‘सहकारी अध्ययन’. शिकवणारा तरुण माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने आम्हा पिकल्या केसांच्या मंडळींना गोल बसवलं, हातात रंगीत कार्डं दिली आणि टाळ्या वाजवायला लावल्या. शेवटी विचारलं, ‘‘मॅडम, या पद्धतीत तुम्हाला सगळ्यात अवघड काय वाटतं?’’

‘‘गप्प बसणं,’’ मी म्हणाले.

सगळे हसले. मी विनोद केलेला नव्हता.

या धंद्यातल्या नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. वर्गात चौघाचौघांचे गट करायचे. हुशार, मठ्ठ, बोलका, लाजाळू असे मुद्दाम मिसळायचे. धड्याचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येकाला एक द्यायचा. एकच तुकडा मिळालेली सगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसतात, तो नीट समजून घेतात, आणि मग आपापल्या गटात परत येऊन बाकीच्या तिघांना शिकवतात. एकाने कामचुकारपणा केला की चौघांच्याही धड्याला भोक पडतं. म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात आणि बाईंना लागावं लागत नाही. बाईंनी फक्त वर्गातून फिरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. ते जमेना, तेव्हा मी घरातून लवंगा नेऊ लागले. तास सुरू झाला की एक लवंग दाढेखाली धरायची. तास संपेपर्यंत जीभ बधिर व्हायची आणि बोलायची इच्छाही जरा कमी व्हायची.

पहिल्याच दिवशी आमचे मुख्याध्यापक, जगदाळे सर, हातात पट्टी घेऊन धावत आले. नववीत मारामारी चाललीय असं त्यांना वाटलं. बाकं उलटीपालटी, पोरं एकमेकांकडे तोंड करून ओरडतायत आणि वैद्य बाई, म्हणजे मी, कोपऱ्यात गप्प उभ्या. सरांना गोंगाटाचं काही वाटलं नाही, पण मी गप्प आहे हे पाहून ते घाबरले. ‘‘बाई, बरं वाटत नाहीये का?’’ त्यांनी विचारलं. तोंडात लवंग असल्याने मी नुसती मान हलवली, तर त्यांनी शिपायाला पाणी आणायला पाठवलं.

आता या गोष्टीतल्या चौघांबद्दल. नववीतल्या शेवटच्या गटात निखिल होता. त्याच्या आजोबांची जमीन नांदे गावात होती, तिथे आता मोठमोठ्या इमारती आहेत. जमिनीच्या बदल्यात घरात एक मोटारसायकल आली होती आणि वय बसत नसताना निखिल तिच्यावर बसत होता. दुसरी आफरीन. तिच्या अब्बांचं पौडच्या बाजारात किराणा दुकान. एक वस्तू घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला चार वस्तू जास्तीच्या विकणारी मुलगी. तिसरा सूरज, उरवड्याच्या कारखान्यात वायरमन असलेल्या बापाचा मुलगा. बिहारहून आलेला, मला ‘मॅडम’ म्हणणारा, आणि मराठीच्या पेपराला घाबरून आदल्या दिवशी ताप आणणारा.

आणि चौथी सुमन. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथली. शाळेसाठी खाली गावात मावशीकडे राहायची. हजेरीला ‘हजर’ म्हणायची, तेही शेजारणीला ऐकू जाईल एवढंच. जूनमध्ये तिचे वडील, धोंडिबा, तिला सोडायला आले तेव्हाच मला स्पष्ट सांगून गेले होते, ‘‘बाई, नववी पास झाली तर धाव्वी. न्हाई झाली तर आईसंगं मजुरीला. पुन्यांदा त्याच वर्गात बसवायची आमची ऐपत न्हाई.’’ त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. सुमन शेजारी उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती. तेव्हापासून ती मुलगी माझ्या डोक्यात बसली. आठवीपर्यंत पोरं वर ढकलली जातात, नववीत पहिल्यांदा आपटतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले होते.

जुलैत एका सकाळी पाहते तर शेवटचा गट पूर्ण गायब. चौघंही. दुसऱ्या दिवशी गटाची चाचणी होती. जगदाळे सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘‘दोन मुलगे, दोन मुली, एकदम गैरहजर? बाई, मी तुम्हाला सांगत होतो, बाकं सरळ ठेवा.’’ वर्गातल्या एका मुलीने शांतपणे सांगितलं, ‘‘बाई, ते सुमनच्या वाडीला गेल्यात. सावडीला.’’

सावड म्हणजे आमच्या मुळशीतली भातलावणीची जुनी रीत. पाऊस पडतो तेव्हा सगळ्यांची लावणी एकदम येते आणि मजूर मिळत नाहीत. मग चार घरं एक होतात. आज सगळे तुझ्या भातखाचरात, उद्या सगळे माझ्या. शेवटच्याचं खाचर लावून होईपर्यंत कुणी आपल्या घरी बसायचं नाही. ज्याच्या खाचरात लावणी, त्याने जेवण घालायचं.

सरांनी आपल्या गाडीतून मला वाडीच्या पायथ्यापर्यंत नेलं. पुढे चिखल होता आणि त्यांचे बूट नवे होते, म्हणून ते गाडीतच बसले. मी चढले. बांधावर पोचले आणि खालून जो आवाज आला तो ऐकून मला वाटलं, मीच बोलतेय.

‘‘सूरज, आरं मूठ येवडी मोटी नगं धरू! दोन-तीन काड्या घे. आन् पाय वर खेचतोयस कशाला? रुतशील आनखी. चिखलाला मागं रेट, चिखूल तुला फुडं रेटंल. तिसरा नियम काय सांगितला मगाशी?’’

‘‘क्रिया... प्रतिक्रिया,’’ सूरज गुडघाभर चिखलातून म्हणाला. ‘‘सुमन, पण मेरा एक चप्पल अंदर राहिला.’’

‘‘त्याला जडत्व म्हनत्यात. ऱ्हाऊ दे.’’

ती सुमन होती. पदर खोचलेली तिची आई, मावशी, शेजारचे लोक एका रांगेत वाकून भात लावत होते, आणि त्यांच्या मधोमध ओढणी कमरेला बांधलेली आफरीन, गुडघे लाल झालेला निखिल आणि रुतलेला सूरज. सुमन रांगेच्या एका टोकाला उभी राहून सगळ्यांवर ओरडत होती. वर्गात जिचा आवाज शेजारणीपर्यंत जात नव्हता, तिचा आवाज इथे समोरच्या डोंगरावर आपटून परत येत होता. मला फार आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडी असूयाही वाटली.

आफरीन कमरेवर हात ठेवून सरळ झाली. ‘‘बाई, उद्या चाचणी हाय ना? गतीचे नियम हिच्या वाट्याला. ही म्हणली, लावणी उरकल्याबिगर मला येता येनार न्हाई. ही न्हाई आली तर आमच्या धड्याला भोक. मग आम्ही म्हटलं, चला, उरकून टाकू. अब्बांना विचारून आलीय मी.’’

मी रागवायला तोंड उघडणार, तोच धोंडिबा म्हणाले, ‘‘बाई, सावडीला बघाया कुनी येत न्हाई. आला त्यो उतरतो.’’

उतरले. साडी खोचली आणि मीही लावलं. तासाभराने कंबर बोलायला लागली, डावी चप्पल सूरजच्या चपलेच्या सोबतीला गेली, आणि तरी मी मोठ्या रुबाबात एक पट्टा पूर्ण केला. दुपारी नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं. सर गाडीत झोपले होते. त्यांना जागं करून मी म्हणाले, ‘‘सर, काळजीचं कारण नाही, पद्धत लागू पडली.’’ माझे पाय पाहून त्यांनी आधी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं.

दुसऱ्या दिवशी चाचणीत त्या गटाने वर्गात पहिला नंबर काढला. त्यानंतर तर विचारू नका. पोरांनी माझ्या पद्धतीला सावड असंच नाव दिलं. धड्याच्या तुकड्याला ती खाचर म्हणू लागली. ‘माझं खाचर लावून झालं, बाई.’ ‘हिचं अजून चिखलणीतच हाय, लावणी कुटं?’ निखिलच्या वाट्याला ध्वनी आला तेव्हा त्याने मधल्या सुट्टीत मोटारसायकल फाटकाबाहेर उभी करून कंपनसंख्या शिकवली. वडापाववाल्याने माझ्याकडे तक्रार केली. मी लवंग चघळत सगळ्यांकडे कौतुकाने पाहत होते. इतर शाळांतल्या मैत्रिणींना फोन करकरून सांगत होते.

मग दिवाळीच्या आधीची सहामाही परीक्षा आली.

विज्ञानाचे पेपर मी घरी तपासायला बसले. आधी सुमनचा घेतला. गतीचे नियम अप्रतिम लिहिले होते, आकृत्यांसकट. पुढचा प्रश्न आम्ल-आम्लारीचा. त्याखाली नीटस अक्षरात लिहिलं होतं, ‘याचे उत्तर आफरीनच्या पेपरात आहे.’ विद्युतधारेच्या प्रश्नाखाली, ‘सूरज पाहा.’ ध्वनीच्या प्रश्नाखाली, ‘निखिल.’ घाईघाईने आफरीनचा पेपर काढला. आम्ल-आम्लारी पैकीच्या पैकी, त्यात चिंच आणि खायचा सोडा यांची घरची उदाहरणं, आणि गतीच्या प्रश्नाखाली, ‘सुमनला विचारावे.’ सूरजने विद्युतधारेवर पुरवणी जोडली होती. निखिलने ध्वनीवर तीन पानं लिहिली होती आणि बाकीच्या प्रश्नांपुढे मोकळ्या मनाने तिघांची नावं.

मी आधी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग गुणांची बेरीज केली आणि हसू थांबलं. चौघंही नापास.

शाळेत बोलावून विचारलं, तर सुमन गोंधळून माझ्याकडेच पाहायला लागली. ‘‘पर बाई, ते माझं खाचर न्हाई. ते आफरीनचं हाय. आमी सगळे धडे वाटून घेतले. चाचणीला मार्क गटाचेच तर धरत हुता तुमी.’’

खरंच धरत होते. प्रशिक्षणातल्या त्या मुलाने गट, कार्डं, टाळ्या सगळं सांगितलं होतं, पण परीक्षेला प्रत्येकाला एकट्यानेच बसावं लागतं हे पोरांना सांगायचं त्याच्याही लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही.

जगदाळे सरांनी चारही पेपर टेबलावर शेजारी शेजारी मांडले. मग चष्मा काढून म्हणाले, ‘‘बाई, चौघांत मिळून एक पास झालाय. उत्तम गुणांनी झालाय. बोर्डाला असं चालतं का, विचारून घेऊ?’’

सुट्टी लागायच्या दिवशी धोंडिबा आले. डोक्याला मुंडासं, तोंडावर काही भाव नाही. ‘‘बाई, सुमीचा दाखला द्या.’’

‘‘अहो, ही सहामाही. वार्षिक अजून आहे.’’

‘‘हितं न्हाई जमलं, तर तितं कसं जमंल? भात काढनीला आलंय. घरी मानूस लागतंय.’’

सुमन दाराशी पिशवी धरून उभी होती. तिचा तो डोंगरावरचा आवाज परत कुठेतरी गेला होता. ते पाहून माझा संताप झाला. कुणावर ते मला अजूनही सांगता येणार नाही, पण झाला. मी फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘धोंडिबा, वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा. ही नापास झाली तर पुढचा अख्खा लावणीचा हंगाम मी स्वतः तुमच्या खाचरात येऊन लावीन!’’

धोंडिबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली.

‘‘नगं, बाई,’’ ते घाईने म्हणाले. ‘‘तुमी गेल्यावर तुमचा समदा पट्टा उपटून परत लावाया लागला आमाला. रोपं पान्यावर तरंगत हुती.’’

आफरीन खिडकीबाहेरून ऐकत होती, ती फिस्सकन हसली. मग सुमनच्या तोंडाला पदरासारखी ओढणी गेली. शेवटी धोंडिबाही मिशीत हसले. तेवढ्या हसण्यात आमचा करार झाला. सुमन वार्षिकपर्यंत राहील. पास झाली तर दहावी. आणि काहीही झालं तरी बाईंनी खाचरात उतरायचं नाही.

दुसऱ्या सत्रात मी नियम बदलला. धडे वाटायचे नाहीत. तुकडा कुणालाही येवो, शेवटी सगळ्यांना सगळं आलं पाहिजे. चाचणीच्या दिवशी खडूच्या डब्यातून मी प्रत्येक गटाची एक चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव येईल त्याने एकट्याने उत्तरं द्यायची, आणि त्याला मिळतील ते गुण चौघांचे. यामुळे वर्गात जी घबराट पसरली ती अवर्णनीय होती. आता आपल्याला काय येतं यापेक्षा शेजाऱ्याला काय येत नाही याची चिंता प्रत्येकाला लागली. सूरजला मराठी व्याख्या पाठ होईनात, तर आफरीनने त्याला अब्बांच्या दुकानात उभं करून गिऱ्हाइकांपुढे म्हणायला लावल्या. पौडच्या बायका शेंगदाणे घेता घेता आम्लारीची व्याख्या ऐकत होत्या. सुमनला विद्युतधारा समजेना, तर सूरजच्या बापाने कारखान्यातून सुटल्यावर तिला बॅटरी आणि दिवा जोडून दाखवला. तिने तो इतक्या वेळा विझवला आणि पेटवला की शेवटी दिवा गेला, पण विद्युत परिपथ तिच्या डोक्यात पक्का बसला. फक्त निखिलचं काही केल्या जमेना. पोरगा मनाने लाखमोलाचा, कुणालाही कुठेही सोडायला तयार, पण एका जागी बसला की त्याला जांभई यायची.

निकालाच्या दिवशी धोंडिबा सकाळीच आले. सुमन घरी जायच्या तयारीने पिशवी भरून आली होती. मी प्रगतिपुस्तक त्यांच्या हातात दिलं.

‘‘पास?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पास. सगळ्या विषयांत.’’

त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. घडी घातली आणि छातीजवळच्या खिशात ठेवलं. सुमनच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं, आता निघतील. ते निघाले नाहीत.

‘‘आन् बाकीची तिगं?’’

‘‘आफरीन पहिल्या वर्गात. सूरज पास, मराठीतसुद्धा. निखिल विज्ञानात राहिला. जूनमध्ये फेरपरीक्षा आहे त्याची.’’

निखिल फाटकापाशी होता. पुसलेली मोटारसायकल परत पुसत होता, आमच्याकडे पाठ करून.

धोंडिबांनी त्याच्याकडे पाहिलं. ‘‘माझ्या खाचरात पयला त्योच उतरला हुता,’’ ते म्हणाले. मग सुमनकडे वळले. ‘‘पिशवी ठिव मावशीकडं.’’

‘‘आं? आबा, सुट्टी लागली की.’’

‘‘त्याचं खाचर ऱ्हायलंय ना? शेवटचं लावल्याबिगर सावडीतनं कोन घरी जातं का? त्याचं उरकू दे, मंग ये.’’

हाच माणूस दिवाळीला तिचा दाखला मागायला आला होता. माझं तोंड उघडलं होतं. त्या क्षणी मला केवढं बोलायचं होतं, शिक्षणाबद्दल, त्यांच्याबद्दल, सगळ्याबद्दल. पण सुमन तोवर फाटकाकडे चालायला लागली होती, आणि तिथून तिचा तो डोंगरावरचा आवाज आला, ‘‘निख्या, ते फडकं टाक आन् पुस्तक काढ!’’ मी तोंड मिटलं. लवंग नसताना पहिल्यांदाच.

उन्हाळाभर शाळेच्या पायरीवर ते दोघं बसत होते, आणि पौडहून आफरीन नि उरवड्याहून सूरज येऊन भर घालत होते. जूनमध्ये निखिल पास झाला. गुण सांगत नाही, तो आता मोठा झालाय, दिवाळी अंक वाचतो.

मग जुलै आला. सुमन दहावीच्या वर्गातून माझ्याकडे आली. ‘‘बाई, रविवारी आमची लावणी हाय. समदी येनार हायेत. आबांनी तुमालाबी बोलवलंय.’’ मी उडालेच. कुठली साडी नेसायची याचा विचार सुरू झाला, तोच ती पुढे म्हणाली, ‘‘पर आबा म्हनले, बाईंना बांधावर बसवा. उतरू द्यायचं न्हाई.’’

गेले. बांधावर पोतं अंथरून मला बसवलं होतं. खाली निखिल सगळ्यांच्या पुढे रांगेत होता. त्याची मूठ मोठी होती, रोपं तिरकी जात होती, आणि मला ते वरून स्पष्ट दिसत होतं. त्याला सांगायला मी श्वास घेतला. तेवढ्यात सुमनने रांगेतून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीत हात घातला आणि लवंग काढली.